‘रोडमॅप’ला मराठीत काय म्हणावं? ‘विकास आराखडा’ म्हटलं आणि फसलो

कडक भाकरी:
आम्ही सोलापूरचे चौघे मिळून एक छोटं मुक्तस्त्रोत (ओपन सोर्स) साधन बनवतोय. जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतांत आणायचा, एवढंच त्याचं काम. पुढच्या वर्षात काय काय करायचं याचं एक पान लिहिलं, म्हणजे डेव्हलपमेंट रोडमॅप. वर मथळा दिला ‘विकास आराखडा’. घरच्या ग्रुपवर कौतुकानं टाकलं, तर अर्ध्या तासात काकांचा फोन. ‘जुळे सोलापूरचा डीपी, विकास आराखडा, आला काय रे? आपल्या प्लॉटवर आरक्षण नाही ना पडलं?’ खाली ‘विकासकांसाठी सूचना’ असाही भाग होता, त्यामुळे त्यांना हसताही येईना. दुसरा शब्द सुचवा.

अनुस्वार:
काका बरोबर आहेत. ‘विकास आराखडा’ हा शब्द नगररचनेनं केव्हाच स्वतःच्या नावावर करून घेतलाय. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली होतो तो आराखडा. रस्ता कुठून जाणार, शाळेला कुठली जागा, बागेला कुठली, हे त्यात ठरतं आणि मंजूर झाला की तो बांधील असतो. ‘विकासक’ म्हणजे तर सरळ बिल्डर. सॉफ्टवेअरला ‘विकसन’ म्हणतात खरं, पण माणसाला आपलं प्रोग्रामरच म्हणा.

बाकीचे शब्दही तपासून पाहिले. ‘पथदर्शी’ सरकारी मराठीत पायलट प्रोजेक्टला गेलाय. ‘मार्गनकाशा’ कळतो, पण बोलताना कुणाच्या तोंडी येत नाही. ‘पुढील वाटचाल’ चांगला होता. पण त्याच्यापुढे ‘हार्दिक शुभेच्छा’ आपोआप ऐकू येतात आणि चौकातला फ्लेक्स दिसतो, नाहीतर निरोपसमारंभातला नारळ.

धोटा:
मला शब्दातलं कमी कळतंय, आमच्या घरी माग होते म्हणून लिहायलो. चादरीचं जेकार्ड कसं असतं बघा. नक्षी आधी ग्राफच्या कागदावर चौकोन भरून काढायची, मग त्यावरून पत्त्यांना भोकं पाडायची. आडव्या धाग्याच्या एका ओळीला एक पत्ता. पत्ते एकदा ओवून चढवले की मोर निघायचा तर मोरच निघणार, मध्येच कमळ होत नाही. दादा, तुमचं पान असं आहे काय? नसणार. ताणा, म्हणजे उभे धागे, तेवढा आधी ठरवावा लागतो: लायसन्स कुठलं, कुठले फाँट घेणार, कुठले नाही. बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, रंग मागावर बसल्यावरही बदलता येतो. दोन्हीला एकच शब्द लावला की घोळ होतोय.

कडक भाकरी:
हे पटलं. आमचा ताणा ठरलेला आहे. बाण्याचं सांगतो. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण डोळ्याला ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. ‘किती’तली ‘कि’ बदलायची तर दोघांची जागा उलटवायची. रफाराचं बरोबर उलट: दिसतो शेवटी, पण साठवताना आधी. आणि ‘सुऱ्या’, ‘कऱ्हाड’ यांतला ऱ वेगळाच, त्याची फोड प्रत्येक फाँट आपल्या मर्जीनं करतो. म्हणून वेलांटी, मग रफार, मग ऱ असा क्रम लावलाय. याला मी ‘मैलाचे दगड’ लिहिलं होतं.

अनुस्वार:
ते काढा. मराठीत मैलाचा दगड माणूस गेल्यावर किंवा पुस्तक गाजल्यावर ठरतो. पुढे येणाऱ्या कामाला तो शोभत नाही. ‘टप्पा’ म्हणा. यस्टीचं तिकीटसुद्धा टप्प्यानंच निघतं.

आणि तारखांचं काय केलंत? तारीख आधी की काम आधी, हे ठरल्याशिवाय शब्द बसायचा नाही. उबुंटू आणि डेबियन या दोन मुक्त संगणकप्रणाल्या बघा. उबुंटूची आवृत्ती एप्रिल आणि ऑक्टोबरात येते, जे झालं नसेल ते पुढच्या खेपेला. डेबियनवाले झाल्यावरच सोडतात.

धोटा:
म्हणजे उबुंटूचं गड्ड्याच्या जत्रेसारखं. संक्रांत आली की नंदीध्वज निघणार, कुणाची तयारी झाली नाही म्हणून थांबत नाहीत.

कडक भाकरी:
आमच्यात एकाची परीक्षा, एकाला रात्रपाळी. आम्ही डेबियनवालेच. तारखा लिहिल्या होत्या, पण त्यातली पहिली चुकल्यावर एका छापखान्याच्या मालकांनी ‘दिलेला शब्द पाळा’ म्हणून सुनावलं. शब्द दिला होता असं आम्हाला वाटतच नव्हतं.

अनुस्वार:
तुम्ही ‘मार्चपर्यंत रफार दुरुस्त होईल’ असं लिहिलं असणार. मराठीत ‘होईल’ म्हटलं की ऐकणाऱ्यानं ते गाठीला बांधलंच. ‘व्हावा’ म्हणा, ‘करायचा विचार आहे’ म्हणा. इंग्रजीत खाली बारीक अक्षरांत जे सांगतात, ते आपल्याकडे क्रियापदातच सांगता येतं.

म्हणूनच मला ‘बेत’ सुचतोय. बेत हा ठरवलेला असतो, तरी फसू शकतो, रहित होतो, पुढे ढकलला जातो, आणि त्याबद्दल कुणी कोर्टात जात नाही. ‘मनसुबा’त थोडं कारस्थान आहे. ‘संकल्प’ सोडताना हातात पाणी लागतं. ‘योजना’ म्हटलं की लोक अर्ज कुठे मिळतो विचारतात. बेत मात्र चौघांत बसून होतो आणि पाचवा आला तर त्यालाही त्यात घेता येतं. बाहेरून येऊन हातभार लावणारे हवेत ना तुम्हाला?

धोटा:
बेत म्हटल्यावर आमच्यात आधी जेवायचं काय ते विचारतात.

अनुस्वार:
विचारू देत. ‘रविवारी काय बेत?’ या प्रश्नाला आपण ‘बघू, शेंगाची चटणी तर आहेच’ म्हणतो. नक्की काय आहे आणि काय बघू, दोन्ही एकाच उत्तरात. तुमच्या पानावरही तसेच दोन भाग करा.

कडक भाकरी:
केलं. आता पान असं आहे:

‘मुक्तस्त्रोत फाँट-बदल साधन: पुढचा बेत. ठरलेलं: पाच फाँट, लायसन्स बदलणार नाही. पहिला टप्पा: वेलांटीची जागा (झाला). दुसरा टप्पा: रफार (चालू आहे, पावसाळ्याआधी व्हावा). तिसरा टप्पा: ऱ (कुणी हाती घेतलेला नाही, यावं). बघू: फोनवर चालणारी आवृत्ती.’

काकांना पुन्हा पाठवलं. त्यांनी अंगठा दाखवला आणि विचारलं, कुठं जेवायला?

अनुस्वार:
उत्तम. फक्त ‘स्त्रोत’चं ‘स्रोत’ करा. ‘स’ला ‘र’ जोडायचा, मध्ये ‘त’ नाही. तुमचं साधन हे पकडत नसेल तर चौथा टप्पा मिळाला.