आई-आबा एकटे विमानात : फोन, टॅब आणि समोरचा पडदा (अनुभव लिहा)

आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडची कितीतरी मुलं आज अमेरिकेत, जर्मनीत, आखातात आहेत. सुनेचं बाळंतपण असतं, नातवाचा पहिला वाढदिवस असतो, नाहीतर नुसतंच "येऊन जा ना थोडे दिवस" असतं. मग आई-वडील निघतात, आणि बऱ्याचदा एकटेच निघतात. तिकीट, व्हिसा, विमा, व्हीलचेअर, या सगळ्याची चौकशी घरोघरी होते. पण एकदा खुर्चीत बसल्यावर पुढचे तेरा-चौदा तास त्या माणसाने करायचं काय, हातातला फोन वापरायचा कसा, समोरच्या पडद्याला बोट लावायचं कुठे, हे घरात कोणी बोलत नाही.

माझं ठाम मत आहे की हे घरीच शिकवून पाठवायचं. विमानातल्या कर्मचाऱ्यांना एवढ्या प्रवाशांत एकेकापाशी थांबायला वेळ नसतो. ज्यांना हिंदी-इंग्रजीत बोलायचा संकोच आहे ती माणसं विचारतही नाहीत. काळ्या पडद्यासमोर हाताची घडी घालून रात्रभर बसून राहतात. मला ते बघवत नाही, म्हणून हा धागा काढला.

सुरुवात मीच करतो. जळगावहून मुंबईला जाणारं विमान एटीआर असतं, पंख्यांचं, सत्तरेक खुर्च्यांचं. त्यात समोर पडदा नाही. पण या विमानाचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसतं, आणि ते फार उंचावरूनही उडत नाही. मायला मुंबईपर्यंत सोडायला मी सोबत होतो. घरून निघतानाच फोनमध्ये महाराष्ट्राचा नकाशा उतरवून घेतला होता. फ्लाइट मोडमध्ये नेट बंद असलं तरी फोनचं जीपीएस चालू राहतं. उपग्रहाकडून येणारा संदेश तो फक्त ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही. फोन खिडकीच्या काचेपाशी धरला की चार-पाच मिनिटांत निळा ठिपका उमटतो.

"आते कोठलोंग वनूत आपन?" (आता कुठवर आलो आपण?) माय विचारत होती. मी ठिपका दाखवला. ठिपका गिरणा धरणाशेजारी होता आणि खाली खरोखरच धरणाचं पाणी पसरलेलं होतं. तिचं माहेर गिरणाकाठचं. तिने फोन माझ्या हातातून घेतला, स्वतःच काचेला लावला आणि डोंगर लागेपर्यंत खाली ठेवला नाही. पुढच्या मोठ्या विमानात मी नव्हतो. तिथे समोरच्या पडद्यावरचा नकाशा तिने एकटीने लावून बघितला, कारण ठिपका म्हणजे आपण हे तिला आता माहीत होतं.

तुमचे अनुभव लिहा. काय भरून दिलं, काय चाललं, काय चाललं नाही. बारीकसारीक गोष्टीही चालतील, उलट त्याच हव्या आहेत.

फैजपूर (सून, शिक्षिका)

सासूबाई मुंबई-दुबई-बोस्टन अशा गेल्या. मुंबई-दुबई तीन तासांचंच, खरी परीक्षा दुबईच्या पुढे. त्यांना वाचता येतं, पण मराठीच. पडद्यावर भाषा निवडता येते आणि कधी हिंदीही मिळते, पण प्रत्येक विमानात ती असेलच असं धरून चालता येत नाही. म्हणून आम्ही शब्दांऐवजी खुणा शिकवल्या. त्या कंपनीच्या पडद्याचे फोटो नेटवर मिळाले, ते वहीच्या पानाएवढे छापून घेतले आणि स्वयंपाकघरात चिकटवले. घरासारखं चित्र म्हणजे पहिल्या पानावर परत. विमानाचं चित्र म्हणजे नकाशा. माणसाचं चित्र म्हणजे कर्मचाऱ्यांना बोलवायचं बटण. बल्ब म्हणजे डोक्यावरचा दिवा. भाकरी थापता थापता मी विचारायची, "आई, घाबरल्यासारखं झालं तर?" आणि त्या पिठाच्या बोटाने माणसावर बोट ठेवायच्या.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्या बायकांना बटण जोरात दाबायची सवय असते, मिक्सरचं दाबतात तसं. पडदा पुढच्या खुर्चीच्या पाठीतच बसवलेला असतो, त्यामुळे दर दाबाला पुढच्या माणसाच्या डोक्याला हिसका बसतो. हलकं टेकवायचं, आणि पडदा लगेच हलला नाही तर दोन श्वास थांबायचं. हे पडदे आपल्या फोनपेक्षा संथ असतात. लोक थांबत नाहीत, पुन्हा पुन्हा दाबतात आणि भलतंच काहीतरी उघडतं.

नकाशा त्यांना सगळ्यात जास्त आवडला. उंची, वेग, बाहेरचं तापमान, पोचायला किती वेळ राहिला, हे आकडे आळीपाळीने येतात. बाहेर उणे पन्नासच्या आसपास थंडी आहे हे वाचून त्यांनी शाल काढली, आत थंडी वाजत नसतानाही. हे त्यांनीच पोचल्यावर फोनवर हसत सांगितलं.

धुळे (तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो)

फ्लाइट मोड का, हे वडीलधाऱ्यांना कारणासकट सांगा. कारण कळलं की माणूस नियम मनापासून पाळतो. पूर्वी रेडिओशेजारी मोबाइल ठेवला की फोन येण्याआधी रेडिओत टर्र-टर्र असा आवाज यायचा, तो सगळ्यांना आठवतो. तसाच आवाज वैमानिकाच्या कानातल्या हेडसेटमध्ये येऊ शकतो. एका फोनने विमान पडत नाही, पण उतरताना नियंत्रण कक्षाची सूचना स्पष्ट ऐकू येणं महत्त्वाचं आहे. शिवाय उंचावर टॉवर सापडेना की फोन पूर्ण ताकदीने शोधत बसतो आणि बॅटरी उतरते.

आपल्याकडे 2014 पर्यंत टेकऑफ आणि लँडिंगला सगळी उपकरणं पूर्ण बंद ठेवावी लागत. त्या वर्षी डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी खात्याने, फ्लाइट मोडवर ठेवलेली उपकरणं उड्डाणभर वापरायला मुभा दिली. लॅपटॉप मात्र टेकऑफ-लँडिंगला आत ठेवायला सांगतात. विमान अचानक थांबलं तर तो उडून कोणाला लागेल, शिवाय वाट अडेल, म्हणून. माझ्या काकांना वाटायचं की फ्लाइट मोड लावला म्हणजे फोनच बंद झाला, भजनंही लागणार नाहीत. घरी ओसरीवर बसवून फ्लाइट मोड लावला आणि भजन सुरू करून दाखवलं. तेवढ्याने काम झालं.

रावेर (केळी निर्यातीच्या कामानिमित्त आखातात जाणं-येणं)

माझा मुद्दा पॉवर बँकेचा. चेक-इन बॅगेत ती कधीच टाकायची नाही, जवळच्या पिशवीतच ठेवायची. मर्यादा शंभर वॅट-तासांची (तिच्यात किती वीज मावते त्याचं हे माप). 20000 एमएएचची साधारण 74 वॅट-तासांची भरते, ती चालते. आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत अडवतात, तेव्हा छापील आकडा शाबूत असलेलीच द्या. 2025 च्या जानेवारीत दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर उभ्या विमानाला आग लागली. वरच्या कप्प्यातली पॉवर बँक हे त्याचं संभाव्य कारण तपासात पुढे आलं. त्यानंतर कितीतरी कंपन्यांनी विमानात पॉवर बँकेने चार्जिंग करायलाच मनाई केली आहे. म्हणून आता माझा भर खुर्चीखालच्या नाहीतर पडद्याखालच्या यूएसबी सॉकेटवर. त्यासाठी साधी वायर खिशात हवी, बॅगेत वर नको.

आणखी एक. फोन खुर्चीच्या फटीत पडला तर खुर्ची हलवायची नाही. माझ्या शेजारच्या गृहस्थांचा फोन असाच आत गेला, ते खुर्ची मागेपुढे करणार तोच हवाई सेविकेने धावत येऊन हात धरला. खुर्चीच्या लोखंडी भागात फोन चिरडला तर बॅटरी पेट घेते. त्यांनी गृहस्थांना उठवलं, गादी उचलली आणि मग फोन काढला. म्हाताऱ्या माणसाला फोन दोरी लावून गळ्यात द्या, हा प्रश्नच राहत नाही.

भुसावळ (रेल्वेतून निवृत्त)

मुलामुलींचं वाचतो आहे, सगळं प्रेमाने लिहिलेलं आहे. आता ज्याला पाठवतात त्याचंही ऐका. माझ्या मुलाने टॅबमध्ये इतकं भरून दिलं होतं की उघडायचं काय हेच कळेना. शंभर कीर्तनं नकोत, दोन द्या. घरच्यांचे फोटो द्या, ते नेटवर नव्हे, फोनमध्येच उतरवलेले. आणि एक कागद द्या, त्यावर मुलाचा नंबर मोठ्या अक्षरात. बॅटरी संपली तरी कागद संपत नाही.

सगळ्यात गंभीर गोष्ट औषधाची. मला रक्तदाबाची गोळी ठराविक अंतराने लागते. मुलाने फोनवर सकाळी आठचा गजर लावला होता. फ्लाइट मोडमध्ये फोन आपल्या घड्याळानेच चालतो, तिथवर ठीक. पण उतरल्यावर नेटवर्क मिळालं की फोन आपोआप तिकडची वेळ घेतो, आणि गजर तिकडच्या आठला वाजतो. मधलं अंतर कितीतरी तासांनी चुकतं. मी आयुष्यभर गाड्यांच्या वेळा सांभाळल्या, म्हणून हे मला निघायच्या आधीच सुचलं. डॉक्टरांकडून प्रवासापुरतं वेळापत्रक लिहून घेतलं आणि मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवलं. फोनचा गजर काढून टाकला.

आणि रात्री पडदा बंद कसा करायचा हे शिकवा. सगळे झोपलेले असतात आणि आपल्याच तोंडावर उजेड पडत असतो.

शिरपूर (शिक्षणासाठी जर्मनीत)

वायफायबद्दल लिहितो, कारण घरी सगळ्यांना वाटतं विमानात बसल्या बसल्या व्हॉट्सॲप सुरू होईल. भारतीय हद्दीत विमान 3000 मीटरच्या वर गेल्याशिवाय वायफाय देत नाहीत, 2024 च्या नोव्हेंबरमध्ये नियमांत तसं स्पष्ट केलं गेलं. बऱ्याच विमानांत ते नसतंच. काही विमान कंपन्या आपल्या प्रवासी-योजनेच्या सभासदाला निरोपापुरतं वायफाय फुकट देतात, पण त्यासाठी सभासद होण्याची नोंद घरूनच करायची.

पैसे भरून घ्यायचं असेल तर खरी अडचण ओटीपीची. फ्लाइट मोडमध्ये एसएमएस येत नाही आणि ओटीपीशिवाय बऱ्याचदा कार्ड चालत नाही. म्हणून ते आधीच विकत घेऊन ठेवायचं, किंवा त्याचा विचारच सोडायचा.

दुसरं, काही विमानांत मोबाइलचं स्वतःचं नेटवर्क असतं. फ्लाइट मोड काढला की फोन गुपचूप त्याला जोडला जातो आणि रोमिंगचं बिल सुरू होतं. माझ्या आबांना असं बिल आलं. मोबाइल कंपनीकडे तक्रार केली, त्यांनी हात वर केले. आबा महिनाभर त्या पैशांसाठी हळहळत होते. पैशांपेक्षा त्यांना वाटलेला अपराधीपणा मला जास्त लागला, कारण त्यांचा दोष काहीच नव्हता. हे कोणीतरी त्यांना सांगायला हवं होतं, आणि दुकानदाराने सिम देताना एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

शहादा

आमच्या विमानात पडदेच नव्हते. पिक्चर आपल्याच फोनवर बघायचे, पण त्यासाठी कंपनीचं ॲप आधी उतरवलेलं लागतं. वर गेल्यावर ते उतरवता येत नाही. एवढंच सांगायचं होतं.

अमळनेर (मुलगी)

पुढच्या आठवड्यात नाना निघताहेत, फ्रँकफर्टला. त्यांना दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे, ब्लूटूथचं. हेडफोन त्यावर घातला की शिट्टी वाजते. त्यांच्यासाठी पडद्याचा काही उपयोग होईल का? यंत्र विमानात काढावं लागतं का? ते एकटे आहेत आणि मला झोप येत नाही.

नंदुरबार (परिचारिका)

ताई, श्रवणयंत्र काढावं लागत नाही, टेकऑफलाही नाही. ते कानातच राहू द्या, उलट सूचना ऐकायला हवंच. फोनचा फ्लाइट मोड लावल्यावर ब्लूटूथ पुन्हा चालू करायचं, म्हणजे फोनमधला आवाज थेट यंत्रात येईल. हे आजच घरी त्यांच्याकडून करून घ्या, तुम्ही करून दाखवू नका.

समोरच्या पडद्याचा आवाज मात्र यंत्रात येईल असं धरू नका. बहुतेक ठिकाणी हेडफोनच्या छिद्रात वायर लावावी लागते, जुन्या विमानांत तर दोन छिद्रं असतात आणि साधी वायर लावली की एकाच कानात ऐकू येतं. पडद्यावर नकाशाच बघू द्या, त्याला आवाज लागत नाही. आमच्या काकांनाही यंत्र आहे. त्यांना आम्ही टॅबवर मोठ्या अक्षरांत मराठी पुस्तकं दिली होती. डोळे शाबूत असतील तर वाचनासारखं काही नाही.

दोन कामं राहिली. यंत्राच्या जादा बॅटऱ्या, किंवा चार्जिंगचं असेल तर त्याची डबी, जवळच्या पिशवीत. आणि कंपनीला आजच फोन करून नानांना ऐकायला कमी येतं असं तिकिटावर नोंदवून घ्या. मग सूचना त्यांच्यापाशी येऊन सांगा असा आग्रह तुम्हाला धरता येतो. नानांच्या शर्टाच्या खिशात इंग्रजीत दोन ओळींची चिठ्ठी ठेवा: मला ऐकायला कमी येतं, कृपया लिहून दाखवा. सोबत पेन द्या. पोचल्यावर इथे कळवा.