दिवसाआड गोळी नकोच
एसिटॅलोप्रॅम ही नैराश्य-चिंतेवरची गोळी सोडताना ती दिवसाआड घ्या, असं काहीजण सुचवतात. कळकळीने सांगतो, तसं करू नका. हिचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण 30 तास. 48 तासांनी रक्तात जेमतेम एक तृतीयांश उरते, मग मान वळवली तरी डोक्यात करंट लागल्यासारखं होऊ शकतं. गोळी रोजच घ्यायची, डोस डॉक्टरांना विचारून उतरवायचा. 10 मिलिग्रॅमवरून 5 वर येणं त्या मानाने सोपं. खरी अडचण 5 च्या खाली, कारण तेवढ्यावरही औषधाचा निम्म्याहून जास्त परिणाम टिकून असतो आणि त्याखाली तो झपाट्याने उतरतो. तिथे पायऱ्या बारीक हव्यात, प्रत्येकीवर तीन-चार आठवडे.

शिवाय सोलापुरात एप्रिल-मेमध्ये डोस उतरवायला सुरुवात टाळलेली बरी. 42 अंशांत घाम, चक्कर, झोपमोड आधीच असते. उन्हाची लक्षणं कुठली नि गोळी उतरवल्याची कुठली, कळत नाही.