हद्दवाढीत गाव गेलं तर घरपट्टीचं, पाण्याचं आणि वावराचं काय होतं?

वावरकर_३२गुंठे

नमस्कार मंडळी. आमचं गाव नाशिकच्या गंगापूर रोडनं गोवर्धनच्या पुढे. अजून ग्रामपंचायतीतच आहे, पण पारावर रोज एकच विषय: महापालिकेची हद्द वाढणार. सरपंच म्हणतात काही नाही, प्लॉटवाले म्हणतात झालंच समजा. त्यांचं ऐकून शेजाऱ्यानं चांगली फळाला आलेली द्राक्षबाग उपटली अन् आता चुन्याच्या रेघा मारून बसलाय.

आमचं ३२ गुंठे. टोमॅटो, एक विहीर, कडेला दोन खोल्या आणि पत्र्याचा गोठा. धाकटा भाऊ म्हणतो हद्द वाढायच्या आत वावरात घर बांधून घेऊ, ग्रामपंचायतीचा दाखला घेतला की झालं. आईला घरपट्टीची धास्ती. कोणी हे आधी भोगलेलं असेल तर सांगा.

सिडकोचा_सोम्या

भो, आधी भावाला थांबव. वावरात बांधायला ग्रामपंचायतीचा दाखला चालायचे दिवस गेले. २०१७ मध्ये नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलंय, तुमच्या पट्ट्यात परवानगी त्यांची लागते. गाव महापालिकेत जावो न जावो. बाकीचं तलाठी नाना सांगतील, ते इथं असतात.

निवृत्त_तलाठी

आलो. आता म्हणे आम्हाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. माझी नोकरी तलाठी म्हणूनच संपली, तेव्हा तलाठीच म्हणा.

नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि भोवतालची वीसेक गावं मिळून ७ नोव्हेंबर १९८२ ला महापालिका झाली. त्या गावांत आमचंही होतं. मी तेव्हा वीस वर्षांचा. ग्रामपंचायतीचं दप्तर ताब्यात द्यायच्या दिवशी अक्षर बरं म्हणून मला यादी लिहायला बसवलं. लाल फडक्यात बांधलेली रजिस्टरं, टाकीच्या कुलपाच्या दोन चाव्या, टेबल एक, खुर्च्या चार (एकीला पाठ नाही), सतरंज्या दोन, रेडिओ एक. आमची आजी ओट्यावरून ओरडली, “रेडिओ कुठं नेता रे?” तिच्या लेखी हद्दवाढ म्हणजे रेडिओ गेला.

त्या रजिस्टरांमध्ये काय लिहिलेलं आहे ते गावात कोणीच पाहिलं नव्हतं. आमच्या वडिलांनीही नाही. नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, आमचं घर आजोबांच्या नावावर, तीन खणांचं. मागचा गोठा आणि नंतर वाढवलेली खोली कुठंच नाही. पुढं मोजणीला माणसं आली तेव्हा ते सगळं नवीन बांधकाम ठरलं. गोठा माझ्यापेक्षा वयानं मोठा होता, पण कागदावर त्याचा जन्मच झाला नव्हता. चूक आमचीच. तुमच्या आई घरपट्टीच्या दराला भितात, मी म्हणतो दराचं नंतर बघू, आधी नोंद बघा. दराला कायद्यात पायऱ्या आहेत. गाव हद्दीत गेलं म्हणून पहिल्याच वर्षी शहराच्या दरानं बिल येत नाही, ते टप्प्यानं चढतं. नोंदीला मात्र पायऱ्या नसतात.

आता शहर गावाकडं कसं बघतं ते सांगतो, कारण नोकरीत अशा याद्या मीच काढून दिल्यात. तुम्हाला वाटतं ते लोकसंख्या बघतात. बघतात, पण पहिला प्रश्न असतो, गायरान किती? त्यावर अतिक्रमण किती? जलकुंभाला, मलनिस्सारण केंद्राला, शाळेला, कचऱ्याला जागा लागते, आणि शहरात ती उरलेली नसते. मग नाल्यांचा उतार कुठल्या बाजूला, कारण गटार चढावर जात नाही. मग कारखाने कुठल्या गावात. ज्या ग्रामपंचायतीला कारखान्यांची पट्टी मिळते ती आत यायला तयार नसते, आणि शहराला नेमकी तीच हवी असते. ही ओढाताण भाषणात कोणी बोलत नाही.

पाण्याचं म्हणाल तर धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण तुमच्या बाजूला शोभते. शहर गंगापूर, दारणा आणि मुकणे अशा तीन धरणांवर जगतंय. हद्द कागदावर एका दिवसात वाढते, जलवाहिनी वाढत नाही. विहीर बुजवू नका.

रीत अशी: महापालिका अधिनियमाच्या कलम ३ खाली हद्द बदलायचा अधिकार राज्य सरकारचा. महापालिकेशी विचारविनिमय, मग प्रारूप अधिसूचना, हरकती, शेवटी अंतिम अधिसूचना. ग्रामसभेनं ‘आम्हाला जायचं नाही’ असा ठराव केला तर तो हरकत म्हणून जातो, त्यानं गाडी थांबतेच असं नाही. शिवाय जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ ला गोठल्यात. ती उरकेपर्यंत ‘झालंच समजा’ म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. शेजाऱ्याच्या बागेचं ऐकून खरंच वाईट वाटलं. बाग उभी करायला काय लागतं ते मला ठाऊक आहे.

खरा घाव बसतो तो विकास आराखड्यात. हद्दवाढ झाली की नंतर कधीतरी नकाशा लागतो. रस्ता, मैदान, शाळा, कुठल्या गटावर काय. हरकतीला ३० दिवस. आमच्या वेळी द्राक्षाची गोडी छाटणी चालू होती, वडील म्हणाले छाटणी सोडून कोण जातं नकाशा बघायला. आमच्या विहिरीवर मैदानाचं आरक्षण पडलेलं बहिणीच्या लग्नात कळलं. तुकडा विकायला काढला तर गिऱ्हाईक नकाशा घेऊन आलं आणि चहा पिऊन गेलं. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देता येते, त्यानंतर आणखी २४ महिने. लग्न तेवढं थांबत नाही.

आणि एक, हद्दीत गेल्यानं वावर आपोआप एनए, म्हणजे बिगरशेती, होत नाही. सातबारा सातबाराच राहतो.

फुरसुंगीची_सून

माहेर नाशिक, सासर फुरसुंगी, म्हणून राहवत नाही. पुण्यात २०१७ ला ११ गावं घेतली त्यात आम्ही. २०२१ ला आणखी २३ घेतली. मग सरकारनं फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून दोघांची वेगळी नगरपरिषद केली. दहा वर्षांच्या आत ग्रामपंचायत, महापालिका, नगरपरिषद असं सगळं बघून झालं. सासऱ्यांनी प्रत्येक काळातल्या पावत्यांची वेगळी पिशवी केलीय. तेव्हा हसायचो, आता काही लागलं की त्यांच्याचकडं जातो.

रोजगार हमी आणि ग्रामीण घरकुलाच्या यादीचंही बघा. गाव शहरात गेलं की त्या याद्या संपतात. आमच्याकडं हे आधी कोणी बोललंच नाही.

वावरकर_३२गुंठे

नाना, तुमचं वाचून आत्ता ग्रामपंचायतीत जाऊन आलो. घर अजून आजोबांच्याच नावावर. ते जाऊन १९ वर्षं झाली. गोठा नाही. खोली एकच दाखवलीय. भाऊ गप्प बसलाय.

निवृत्त_तलाठी

बसू द्या, बरं आहे. आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं घेऊन सातबाऱ्याला वारसनोंद आधी. आत्याबाईंची नावं गाळू नका, तिथंच भांडणं होतात. नमुना ८ साठी वेगळा अर्ज, त्याची पोच घ्या, शिक्का तारखेसकट दिसला पाहिजे. गोठ्याचं माप टेपनं घेऊन जा, पत्र्याचा असला तरी. आणि जुनी वीजबिलं असतील तर तीही न्या.