लिंबू, पपई, व्हिटॅमिन सी : सगळं एका रात्रीत लावलं तर चालतं का?

ओवी_सोलापूर

वय ४७. दोन्ही गालांवर वांग, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या. रोज स्कूटीवरून शाळेत जाते, तोंडाला ओढणी बांधून. आमच्याकडचं ऊन माहीत असेलच.

फ्रीजमध्ये इडलीच्या पिठाशेजारी माझी दुकानदारी आहे. एका बाटलीत सीरम : व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या ५०० मिलीग्रॅमच्या चार गोळ्या कुटून ५० मिली गुलाबपाण्यात. एका वाटीत लिंबू, मध, हळद. डब्यात कच्च्या पपईचा कीस, दही आणि बेसन. आधी एकेक दिवसाआड लावायचे. पण लेकीचा साखरपुडा तीन आठवड्यांवर आला, म्हणून मागच्या सोमवारपासून तिन्ही एकाच रात्री. नवरा म्हणतो, चेहऱ्याची पचडी केलीस.

आता नाकपुड्यांच्या कडेला आग होते, साधं पाणीही झोंबतं. मावशी म्हणते झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. आधी काय लावू, नंतर काय? आणि सीरम आठव्या दिवशी तपकिरी झालंय. मुरलंय की खराब झालंय? टाकायला जीवावर येतं.

प्रयोगवही

ताई, लोणचं मुरतं, व्हिटॅमिन सी मुरत नाही. तपकिरी म्हणजे हवा-उजेडाने ऑक्सिडेशन होऊन कामातून गेलं. बेसिनमध्ये ओता.

मी औषधांच्या लॅबमध्ये २२ वर्षं काढली, म्हणून थोडं पाल्हाळ. त्वचेत शिरायला अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड (म्हणजेच व्हिटॅमिन सी) साधारण १० ते २० टक्के लागतं आणि द्रावणाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) ३.५ च्या खाली. तुमचं झालं ५० मिलीत २ ग्रॅम, म्हणजे ४ टक्के. शिवाय चघळायच्या गोळीत साखर, रंग, स्वाद असतो. बऱ्याच गोळ्यांत काही भाग सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट असतं, ते आंबट नसतं, त्यामुळे पीएच हवा तेवढा उतरत नाही. तुम्ही चेहऱ्याला संत्र्याचं सरबत लावत होतात.

लिंबाचं उलट. पीएच २ च्या आसपास, म्हणजे चरचरीत. पण १०० मिली रसात व्हिटॅमिन सी जेमतेम ५० मिलीग्रॅम. दहा टक्क्यांच्या सीरमचा दोनशेवा हिस्सा. भाजणार पुरेपूर, उजळणार नाही.

कच्च्या पपईच्या चिकात पपेन असतं. मटण शिजायला लावतो ना, तेच. दह्यात लॅक्टिक अ‍ॅसिड. एकेकटं एखाद्या कातडीला सोसेल, पण तिघांनी एका रात्रीत तोच वरचा थर खरवडला. त्यामुळे ‘आधी काय’ याचं उत्तर : काहीच नाही. दोन आठवडे सगळं बंद.

गुळपोळी

अगं लिंबू तर अजिबात नको! मी भाच्याच्या लग्नाआधी वरच्या ओठावर लिंबू चोळून गच्चीत पापड वाळत घालायला गेले. दुसऱ्या दिवशी लाल, आठवड्याने काळी मिशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिंबाच्या रसावर ऊन पडलं की असं पोळतं. डाग जायला चार महिने लागले. लग्नाच्या अल्बममध्ये मी सगळीकडे रुमाल धरून.

नानाची_टांग

एवढा खटाटोप कशाला? मेडिकलवाल्याकडे एक ट्यूब मिळते, आठ दिवसांत गोरं. बायको वापरते.

प्रयोगवही

नाना, ट्यूबच्या मागे बघा. मोमेटासोन किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. आठ दिवस छान वाटतं. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ, चेहरा लाल, सोडलं की दुप्पट भडकतं. वहिनींना डॉक्टरकडे न्या. एकदम बंदही करायला सांगू नका.

ओवीताई, वांगाला नुसतं ऊन नाही, डोळ्यांना दिसणारा उजेडही वाढवतो. पातळ ओढणीतून तो आरपार येतो. आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन घ्या. चेहरा-मानेला दोन बोटांवर रेघ ओढून निघेल एवढं. वाटाण्याएवढं नव्हे! पण आग थांबल्यावर. तोवर जाडसर सुती कापड आणि टोपी. सुरकुत्यांसाठी रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या जातीची औषधं) असतात, ते त्वचेच्या डॉक्टरांना विचारून, साखरपुडा झाल्यावर. सुरुवातीला सालपटं निघतात.

जास्वंदी

आमच्या आजीचं जायफळ दुधात उगाळून? ते तरी चालेल ना?

प्रयोगवही

आग थांबल्यावर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. वांग जाईल असं मी म्हणणार नाही. सहाणेवर उगाळताना वास छान येतो हे मात्र खरं.

ओवी_सोलापूर

सगळं ओतलं. बेसिनला डाग पडलाय, तो काही केल्या निघत नाहीये. पाच दिवस नुसतं कोमट पाणी आणि पेट्रोलियम जेली. कालपासून झोंबणं थांबलं. वांग आहे तिथेच आहे. उरलेल्या पपईची कोशिंबीर केली, ती नवऱ्याने दोनदा मागून घेतली. मावशीला अजून काही सांगितलेलं नाही, रविवारी येतेय ती.