लॉसनला काढलं, पण बॅट कुणाच्या हातात होती?

ब्रॉंक्सचा बापू (११ जुलै २०२३)

रविवारी घरच्या मैदानावर शिकागो कब्ज टीमकडून ७-४ असा मार खाल्ला. १६१ स्ट्रीटला चार नंबरची गाडी पकडून घरी येतोय तोवर बातमी आली, आपल्या न्यूयॉर्क यांकीजने हिटिंग कोच डिलन लॉसनला काढलं. काल त्याच्या जागी शॉन केसी आला आणि आज सिअ‍ॅटलला ऑल-स्टार मॅच आहे, म्हणजे सगळं विसरायला लोक मोकळे. मी नाही विसरणार, म्हणून हा धागा.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी: हिटिंग कोच म्हणजे आपला बॅटिंग कोच. जीएम (जनरल मॅनेजर, टीम बांधणारा) ब्रायन कॅशमन १९९८ पासून खुर्चीवर आहे. एवढ्या वर्षांत सीझन चालू असताना त्याने एकाही कोचला काढलं नव्हतं. तो मान लॉसनला मिळाला.

बॅटिंग वाईट होतेय, नाही म्हणतच नाही. टीमचं ॲव्हरेज, म्हणजे बॅटिंगच्या एकेका पाळीमागे हिट, ०.२३१ आहे, ३० टीममध्ये २८ वं. ४९ जिंकल्या, ४२ हरल्या, डिव्हिजनमध्ये चौथे. पण गेल्या वर्षी हाच माणूस हिटिंग कोच होता ना? तेव्हा ८०७ रन झाल्या, २५४ होमरन (आपले सिक्सर समजा) झाले, होमरनमध्ये अख्ख्या लीगमध्ये पहिले होतो. तेव्हा लॉसनच्या गळ्यात कुणी हार घातल्याचं मला आठवत नाही.

मग बदललं काय? ३ जूनला डॉजर स्टेडियममध्ये कॅच घेताना ॲरन जज कुंपणावर आदळला, पायाच्या अंगठ्याचं लिगामेंट फाटलं आणि तो अजून बाहेरच आहे. गेल्या वर्षीचा ६२ होमरनवाला माणूस काढून घ्या आणि उरलेल्यांत स्टँटन, डोनल्डसन, लमेह्यू बघा. सगळे तिशी ओलांडलेले, दुखापतींनी पिचलेले. ही माणसं गोळा केली कॅशमनने, करार दिले कॅशमनने, आणि घरी गेला लॉसन. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय!

सरळ बॅट (११ जुलै २०२३)

बापू, प्रेम समजू शकतो पण हे फारच एकतर्फी झालं.

लॉसन स्वतः प्रोफेशनल बेसबॉल एक दिवस खेळलेला नाही. कॉलेजात खेळला, मग ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या आणि आपल्या खालच्या टीम्समध्ये कोचिंग करत वर आला. त्याचा मंत्र काय, तर 'हिट स्ट्राइक्स हार्ड'. चांगला चेंडू निवडा आणि जोरात हाणा. विशीतल्या पोरांना ठीक आहे. पण ज्याने पंधरा वर्षं मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वात वरच्या लीगमध्ये, काढली त्याला तुम्ही टॅब्लेटवर आलेख दाखवणार? तो तोंडावर 'हो' म्हणेल आणि केजमध्ये (सरावाच्या जाळीत) जाऊन स्वतःचंच करेल.

केसीचं करिअर ॲव्हरेज ०.३०२ आहे. तीनदा ऑल-स्टार. पिचर चेंडू टाकताना पोटात काय गोळा येतो हे त्याला माहीत आहे. बदल हवाच होता, मी तर म्हणेन मे महिन्यातच हवा होता.

ब्रॉंक्सचा बापू

केसीने याआधी प्रोफेशनल कोचिंग किती केलंय? शून्य. टीव्हीवर बोलायचा. आणि मॅनेजर (आपला हेड कोच समजा) ॲरन बूनचा सिनसिनाटीतला जुना जोडीदार. आपल्याकडे याला वशिला म्हणतात.

सरळ बॅट

रवी शास्त्री पण कॉमेंट्री बॉक्समधूनच ड्रेसिंग रूममध्ये आला होता. ऑस्ट्रेलियात दोनदा जिंकलो.

मोजणी कारकून (११ जुलै २०२३)

दोघांचं भांडण छान चाललंय, मध्ये थोडं अंकगणित टाकतो.

लीगचं ॲव्हरेज यंदा ०.२४८ च्या आसपास आहे. आपलं ०.२३१. फरक हजारात सतरा. एका मॅचमध्ये टीमचे साधारण ३३-३४ ॲट-बॅट (बॅटिंगच्या पाळ्या) होतात. म्हणजे मॅचमागे जेमतेम अर्धा हिट कमी पडतोय. दोन मॅचमध्ये एक. एवढ्या बारक्या फटीत जजची दुखापत किती, वय किती, नशीब किती आणि कोच किती, हे वेगळं काढून दाखवणारा माणूस मला भेटला तर मी त्याला जेवायला घालीन.

आणि 'खेळला नाही म्हणून शिकवू शकत नाही' हे तर जजसमोर बोलूच नका. २०१६ मध्ये तो वर आला तेव्हा ०.१७९ होता, ८४ ॲट-बॅटमध्ये ४२ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). त्यानंतर मिझुरीतल्या रिचर्ड शेंक नावाच्या खासगी कोचकडे गेला, स्विंग नव्याने बसवला आणि २०१७ ला ५२ होमरन. हा शेंक मेजर लीगमध्ये कधीही खेळलेला नाही.

परभणीकर (१२ जुलै २०२३)

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण ही गोष्ट मी आधी पाहिलीय. २०१९ चा वर्ल्ड कप. मँचेस्टरला सेमीफायनल, न्यूझीलंडचे २३९, आपले ५ वर ३, मग २४ वर ४, धोनी सातव्या नंबरवर. १८ रननी हरलो. नंतर सपोर्ट स्टाफ निवडला तेव्हा शास्त्री राहिले, भरत अरुण राहिले, श्रीधर राहिले. गेला कोण? आमच्या बीडचा संजय बांगर. बॅटिंग कोच! ज्या स्पर्धेत रोहितने पाच शतकं ठोकली त्या स्पर्धेनंतर.

म्हणजे पाच शतकं रोहितची आणि ती पाऊण तासाची पडझड बांगरची. चोर सोडून संन्याशाला फाशी. तुमचा लॉसन मला आमचा बांगरच वाटतोय.

सरळ बॅट

परभणीकर, उदाहरण उलटं पडतंय. बांगर पाच वर्षं होता आणि चौथ्या नंबरचा प्रश्न त्या पाच वर्षांत सुटला नाही. कधीतरी कुणी विचारायचं की नाही? 'कोचच्या हातात काही नसतं' असं म्हणायचं असेल तर मग कोच ठेवताच कशाला? पगार कशाचा देता?

परभणीकर

चौथा नंबर निवड समितीचा विषय होता. बांगर काय बीडहून माणूस आणणार होता का?

मधल्या पोराची आई (१२ जुलै २०२३)

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. मुलगा लिटल लीग खेळतो म्हणून मला हा खेळ कळायला लागला, नाहीतर आमच्या घरी बॅट म्हणजे कपडे धुवायची.

गेल्या वर्षी त्याला एका खासगी केजमध्ये नवा कोच मिळाला. पहिल्याच दिवशी त्याने पाय उचलायचा बंद करायला लावला आणि हात खाली आणले. दोन महिने पोराला चेंडू लागेना. रात्री आरशासमोर बॅट धरून उभा राहायचा आणि विचारायचा, "आई, हात इथे की इथे?" मला काय कळणार! शेवटी कोच बदलला. दुसऱ्या कोचने काहीच शिकवलं नाही, नुसतं टीवर (उभ्या दांडीवर) चेंडू ठेवून मारत राहा म्हणाला, आणि आठवड्यात पोरगं हसायला लागलं.

मोठ्या खेळाडूंचं काय असतं मला माहीत नाही. पण ९५ मैलांचा चेंडू ०.४ सेकंदात येतो म्हणतात. तेवढ्यात डोक्यात 'हात इथे की इथे' सुरू झालं तर संपलंच. माणूस बदलल्यावर डोक्यातला आवाज बदलतो एवढं मात्र मी पाहिलंय. लॉसनची चूक असेल नसेल, पण त्या खोलीत सगळ्यांच्या डोक्यात तोच एक आवाज झाला असेल तर?

मोजणी कारकून

आतापर्यंतचा सर्वात चांगला प्रतिसाद. माझ्या अंकगणितापेक्षा नक्कीच.

फक्त एक शंका. तो आवाज एकट्या लॉसनचा नव्हता. केसी डाइक्स (हा वेगळा केसी) आणि ब्रॅड विल्करसन हे दोघे सहायक हिटिंग कोच तसेच ठेवलेत. समोरच्या पिचरची माहिती, व्हिडिओ, केजमधलं रोजचं काम, सगळं हे तिघे मिळून करत होते. पद्धत चुकीची होती तर तिघेही जायला हवेत. पद्धत बरोबर होती तर लॉसन का गेला?

सरळ बॅट

कारण पुढारी एकच असतो.

हिरव्या भिंतीखाली (१२ जुलै २०२३)

बॉस्टनहून रेड सॉक्सवाल्याचा सप्रेम नमस्कार. धागा पॉपकॉर्न घेऊन वाचतोय. आमची विनंती एवढीच की कॅशमनला अजून वीस वर्षं तरी काढू नका.

ब्रॉंक्सचा बापू

तुम्ही पाचव्या नंबरवर आहात, आमच्या एक मॅच मागे. पॉपकॉर्न जपून खा.

जुना खोडकर (१३ जुलै २०२३)

मी ८३ सालापासून या टीमसाठी घसा फोडतोय, तेव्हा म्हाताऱ्याचं दोन मिनिटं ऐका.

जॉर्ज स्टाइनब्रेनर मालक होता तेव्हा मॅनेजर म्हणजे संगीत खुर्ची. बिली मार्टिनला पाच वेळा आणला आणि पाचही वेळा घालवला. आता पोरगा हॅल मालक आहे. तो शांत, पण खुर्च्या खालच्या पायरीवर फिरतायत. हिटिंग कोच केविन लाँग २०१४ ला गेला. मग पेंटलंड, कॉकरेल, थेम्स, लॉसन, आता केसी. घरात सहावी सून आली, सासू तीच आहे.

आणि गंमत ऐका. ज्या लाँगला आम्ही 'याला काही येत नाही' म्हणून घालवला, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला मेट्सकडे गेला आणि मेट्स पुढच्याच वर्षी वर्ल्ड सिरीजला, म्हणजे फायनलला. मग वॉशिंग्टनला गेला, २०१९ ला ते वर्ल्ड सिरीज जिंकले. मग फिलाडेल्फिया, २०२२ ला ते पण वर्ल्ड सिरीजला. आम्ही २००९ नंतर तिकडे फिरकलेलो नाही.

सरळ बॅट

आजोबा, म्हणजे चांगला हिटिंग कोच असला की फरक पडतो, असंच ना? मी दुसरं काय म्हणतोय?

जुना खोडकर

खिंडीत गाठलंस. पण लाँग आमच्याकडे होता तेव्हा पण तोच लाँग होता रे. २००९ ला जिंकलो तेव्हाही तोच होता. ताट बदललं नाही, वाढलेलं बदललं.

मधल्या पोराची आई

सून-सासूऐवजी दुसरी उपमा नाही का सापडली? :) बाकी प्रतिसाद आवडला.

मोजणी कारकून (४ ऑगस्ट २०२३)

धागा वर काढतोय, कारण कालची बातमी वाचून गप्प बसवेना.

आपला फर्स्ट बेसवाला अँथनी रिझो, त्याला कन्कशननंतरचा (डोक्याला मार बसल्यावरचा) त्रास आहे असं निष्पन्न झालंय. २८ मेला फर्स्ट बेसवर समोरच्या टीमच्या टाटीसशी धडक झाली होती, ती तारीख. त्या दिवसापर्यंत रिझो ०.३०४, ११ होमरन. त्यानंतर ०.१७२ आणि एक होमरन. दोन महिने माणूस धूसर डोक्याने मेजर लीग पिचिंगसमोर उभा होता आणि आपण सगळे त्याच्या स्विंगवर बोलत होतो.

हा ढासळण्याचा काळ लॉसनच्या खात्यावर जमा झाला. जज नाही, रिझो असून नसल्यासारखा, आणि कोचला विचारतायत की हिट का लागत नाहीत.

सरळ बॅट

हे वाचून वाईट वाटलं. रिझोपुरतं मी माझं म्हणणं मागे घेतो. पण मग दोन महिने रोज त्याच्याबरोबर केजमध्ये असलेल्या कुणालाच काही खटकलं नाही? याला हिटिंग कोच पण आलेच.

मोजणी कारकून

आधी डॉक्टर आले, मग कोच.

ब्रॉंक्सचा बापू (२ ऑक्टोबर २०२३)

सीझन संपला. ८२ जिंकल्या, ८० हरल्या. २०१६ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ नाही. ऑगस्टमध्ये सलग नऊ हरलो, असं १९८२ नंतर झालं नव्हतं. डोनल्डसनला मध्येच सोडून दिलं, स्टँटन ०.१९१ वर थांबला.

टीमचं ॲव्हरेज ०.२२७. लॉसन गेला तेव्हा ०.२३१ होतं. सरळ बॅट, आहात का?

सरळ बॅट

आहे. अडीच महिन्यांत कुठल्या कोचने काय करायचं, असं मी म्हणू शकलो असतो. पण तेच तुम्ही लॉसनबद्दल म्हणत होता, त्यामुळे तोंड नाही.

परभणीकर (३ ऑक्टोबर २०२३)

परवा वर्ल्ड कप सुरू होतोय. आमचे बॅटिंग कोच विक्रम राठोड सुखरूप राहोत एवढीच प्रार्थना.

जुना खोडकर (१ नोव्हेंबर २०२४)

वर्षभर कुणी फिरकलं नाही इकडे. नोंद राहावी म्हणून लिहितो.

केसी मुलींना वेळ द्यायचा म्हणून परतला नाही. सातवी सून जेम्स रोसन आली. जजने ५८ होमरन मारले आणि आम्ही पंधरा वर्षांनी वर्ल्ड सिरीजला पोचलो. आता रोसनला डोक्यावर घ्यायचं तर घ्या, पण त्याच वर्षी वॉन सोटो टीममध्ये आला होता आणि त्याने ४१ मारले. सोटो असल्यावर हिटिंग कोच म्हणून मी पण चाललो असतो.

बाकी परवाची पाचवी मॅच तुम्ही पाहिलीच असेल. ५-० पुढे. पाचव्या इनिंगमध्ये जजच्या हातातून साधा कॅच सुटला, वोल्पीचा थ्रो चुकला, पिचर कोल फर्स्ट बेसवर धावलाच नाही. पाचही रन परत. शेवटी ७-६ ने डॉजर्सच्या घशात.

सरळ बॅट (१ नोव्हेंबर २०२४)

फिल्डिंग कोच कोण आहे आपला?

ब्रॉंक्सचा बापू

झालं याचं सुरू.