१९१० च्या सुमाराची ज्वारीची सुगी उभी करायची आहे: खळे, जाते, पेव

आडवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मंगळवेढा-सोलापूर पट्ट्यातल्या एका कोरडवाहू शेतकरी घराची सुगी, साधारण १९१० च्या काळातली, शाळकरी मुलांसाठी तीन दिवस उभी करायची आहे. तारखा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातल्या. मुरमाड माळ आहे, खाली काळ्या रानात पाऊण एकर मालदांडी उभी आहे, खिलारची एक जोडी आणि बैल जाणणारा गडी आहे.

अडचणी अशा. चाचणीसाठी छोटे खळे केले तर दोन दिवसांत उकलले आणि पोपडे निघाले. जात्यातून पीठ भरड पडते आणि भाकरी थापताना चिरते. पेव (धान्य साठवायचे जमिनीतले कोठार) खणून त्यात मुलांना उतरवावे असे काहींचे म्हणणे आहे. पेरणीही दाखवा असा एक आग्रह आहे. शिवाय पोशाख, भांडीकुंडी यांत काय खटकेल तेही सांगा.

माळरान

पेरणीचे आधी निकालात काढू. रब्बीची ज्वारी भाद्रपद-आश्विनात, जमिनीतल्या ओलीवर पेरतात. फेब्रुवारीत तिफण फिरवलीत तर पेरणी आणि काढणी एकाच आठवड्यात होते असे मुलांच्या डोक्यात बसेल. तिफण भिंतीला टेकवून ठेवा, चाडे (बी सोडायची वाटी) आणि नळे हाताळू द्या, चाड्यावर मूठ कशी धरतात ते दाखवा. तेवढे पुरे.

आता खळे. उकलले म्हणजे बहुतेक तुम्ही रानातली काळी माती आणली. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आवळते. तिच्या थराला भेगा पडणारच. खळ्याला पांढरीची (गावठाणातली) किंवा मुरमाची चाळलेली माती घ्या. दुसरी चूक म्हणजे कोरड्या जमिनीवर शेणाचा जाड लेप. तो खालच्या थराला धरत नाही, पापडासारखा सुटतो.

दोन बैलांना १८ ते २० फूट व्यास पुष्कळ झाला, चार असते तर २५-३० लागला असता. मळणीच्या पंधरा दिवस आधी सुरुवात करा. जागा किंचित उंचावर, चारी बाजूंनी वाऱ्याला मोकळी हवी. झाडाच्या सावलीचा मोह नको, तिथे वारा अडतो आणि उपणणी (वाऱ्यावर दाणा-भूस वेगळे करणे) बसते. गवत मुळासकट काढून वरची चार बोटे माती खरडायची, ढेकळे फोडायची, पाणी शिंपडून रात्रभर मुरू द्यायचे. सकाळी पाय रुतणार नाही पण ठसा उठेल इतपत ओल राहिली की बारीक भुसकट पसरून त्यावर बैल गोल फिरवायचे. दोन-तीन दिवस हेच. मग चोपण्याने चोपून घ्यायचे आणि शेवटी पातळ शेणकाला, एक दिवसाआड तीन हात. प्रत्येक हाताआधी खालचा थर पाण्याच्या हबक्याने ओला करायला विसरू नका. बारीक भेग दिसली तर ती शेण-भुसकटाने तेव्हाच बुजवायची. खळ्यातला दाणा भेगेत गेला की तो मातेऱ्यातच निघतो.

मधला तिवडा (खांब) बाभळीचा, दोन हात जमिनीत, वर साधारण पाच फूट. त्याभोवतीचा दोराचा फास सैल आणि फिरता ठेवा. घट्ट बांधलात तर दर फेऱ्याला दोर गुंडाळत जाऊन आतल्या बैलाची मान खांबाकडे ओढली जाते. मंद, शांत बैल आत, चपळ बैल बाहेर, कारण बाहेरच्याला लांब फेरा मारावा लागतो.

वेळापत्रकात एक गोम आहे. ज्वारी उपटली आणि लगेच मळली असे होत नाही. पंधरा फेब्रुवारीच्या आसपास बहुतेक रान उपटून घ्या. या भागात रब्बीची ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. नवख्या हाताला फोड येतात, म्हणून कडक ढेकळांच्या जागी मुलांना लावू नका. मुलांसाठी चार-पाच गुंठे उभे राखा. बाकीच्या पेंढ्या आठ-दहा दिवस वाळल्या की कणसे मोडायची. दाणा दाताखाली कट्‌ वाजला पाहिजे. चावला तर चेपला जातो म्हणजे अजून ओला आहे.

उपटणे आणि पेंढ्या बांधणे पहाटे, कारण दवाने पाला मऊ असतो, झडत नाही. मळणी मात्र उन्हे तापल्यावर, अकराच्या पुढे. सकाळच्या गारव्यात कणसे चिवट असतात, बैल दमतात आणि दाणा सुटत नाही. एका खेपेला गुडघाभर थर टाका, सगळी कणसे एकदम नकोत. दोन-तीन तास फिरवून, मधून मधून थर उलथून घेतला की बरेचसे सुटते. कणसांच्या वजनाच्या दोन-तृतीयांश ते पाऊणपट दाणा निघतो. एक माणूस केवळ शेण झेलायला पाटी घेऊन बैलांमागे ठेवा. शेण पडले की रास बिघडते, आणि हे काम मुलांना फार आवडते.

बैलांना मुसकी बांधा. आधी कडबा-पाणी करून मगच जुंपा. रिकाम्या पोटी बैलाने ज्वारीचा दाणा भरपूर खाल्ला तर पोट फुगते.

उपणणीला वावडी लागेल, म्हणजे उभे राहायची तीन पायांची उंच घडवंची. वारा बाजूने यायला हवा, तोंडावर किंवा पाठीवर नाही. पाटी डोक्याच्या वर धरून हलवत धार सोडायची. वारा जोराचा असेल तर धार खालून सोडा, नाहीतर हलका दाणाही भुशात जातो. वारा पडला की थांबायचे, रेटायचे नाही. कूस (कणसाचे बारीक तूस) अंगाला भयंकर खाजते, तेव्हा डोक्याला मुंडासे आणि अंगभर कपडे. मुलांना वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे करू नका, डोळ्यांत जाते.

चुलवण

जात्याबद्दल. भरड पडण्याची तीन कारणे असतात. तळ्यांची टाकी गुळगुळीत झालेली असते, वरची तळी खुंट्यावर जास्त उचललेली असते, किंवा वैरण (जात्याच्या तोंडात घालायचा दाणा) जास्त घातली जाते. पहिले वैरण तपासा. दर दोन-तीन फेऱ्यांना चिमूटभर किंवा थोडी जास्त इतकीच ज्वारी तोंडात सोडायची; नवशिका मूठभर ओततो आणि दाणा न भरडता बाहेर पळतो. मग वरची तळी काढून मधल्या खुंट्यावर चिंधी किंवा चामड्याची चकती आहे का पाहा. डाळ भरडायला ती घालून तळी उचलतात आणि पिठाच्या वेळी काढायची राहून जाते. एवढे करूनही भरड आले तर टाकी लावणाऱ्याला बोलवा. टाकी लावल्यानंतरचे पहिले दोन-तीन घास दगडाच्या कचीचे असतात. कोंडा किंवा हलकी ज्वारी दळून ते टाकून द्या, जनावरांनाही घालू नका.

सवय नसलेल्या दोघींना दोन किलो पीठ काढायला तासभर सहज लागतो. तीसेक मुलांच्या जेवणाचे पीठ जात्यावर होणार नाही. वीस-पंचवीस भाकरींपुरते तिथे दळा, बाकीचे त्याच दिवशीचे गिरणीचे आणा आणि तसे मुलांना सांगून टाका.

भाकरी चिरते त्याचा दोष बहुधा जात्याचा नाही. पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, ताज्या पिठात जेवढा धरतो तेवढाच. भरड पीठही चिरते. काठवटीत एका भाकरीचेच पीठ घ्या, कढत पाणी घालून तळहाताने रगडून मळा, तीन-चार मिनिटे तरी. सगळ्यांचे एकदम मळून ठेवले तर शेवटच्या भाकऱ्या हमखास फाटतात. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचे, ते सुकायच्या आत उलटायची आणि मग तव्याखालून विस्तव पुढे ओढून आहारावर (निखाऱ्यांवर) शेकायची. पाणी सुकल्यावर उलटली तर पापुद्रा सुटत नाही, फुगत नाही.

जळण तुराट्या आणि गोवऱ्या. तुराटी भडकते आणि लवकर विझते, म्हणून भाकरीला ती. गोवरी मंद आणि टिकाऊ, म्हणून वैलावरच्या (चुलीला जोडलेल्या बाजूच्या चुलीवरच्या) आमटीला. नवीन चूल घालणार असाल तर किमान आठ दिवस सावलीत वाळू द्या. ओल्या चुलीत जाळ केला की पहिल्याच दिवशी चुलीला तडा जातो.

जेवणात भाकरी, झुणका, हुलग्याचे माडगे, अंबाडीची भाजी, ठेचा, कांदा. तेल करडईचे, त्या रानात ज्वारीच्या कडेने करडईची पाटे असायचीच. टोमॅटो नको. चहाची किटली सतत उकळत ठेवू नका, तेव्हा खेड्यात चहा रोजचा नव्हता. पाहुण्याला गूळ-पाणी द्या. स्टील आणि ॲल्युमिनियम दोन्ही आत ठेवा. पितळी भांड्यांना कल्हई असल्याशिवाय आंबट आमटी किंवा ताक त्यात घालायचे नाही, हे फक्त देखाव्याचे नव्हे, पोटाचेही आहे.

जुनी पायली

खटकणाऱ्या गोष्टी पटापट:

पांढरी गांधी टोपी नको, ती १९२० च्या आसपास रुजली. मुंडासे किंवा पागोटे. नायलॉनचा कासरा सगळ्यांत जास्त दिसतो आणि छायाचित्रात चमकतो. अंबाडीच्या वाखाचा किंवा घायपाताचा दोर वळून घ्या. खळ्याच्या कडेचे गाजर गवत आधी उपटा (तोंडाला फडके, हातमोजे), ते इकडे १९५० च्या दशकात दिसायला लागले. सोयाबीन, सूर्यफूल, सुबाभूळ, संकरित गाय, सगळे नंतरचे. उलट घासलेटची चिमणी चालेल, रॉकेल तोवर खेड्यात पोचले होते. लोखंडी नांगरही अगदीच अशक्य नाही. किर्लोस्करांनी १९०३ पासून तो बनवला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पण लोखंडाने जमीन नासते अशी शंका शेतकऱ्यांत होती, तेव्हा साध्या कोरडवाहू घरात लाकडीच दाखवा.

पाट्यांवर किलो लिहू नका. ४ शेरांची पायली, शेराखाली मापटे, चिपटे, कोळवे असे निम्मे-निम्मे होत जाते. वर मण आणि २० मणांची खंडी. किती पायल्यांचा मण हे गावागणिक बदलते, म्हणून तुमच्या गावातल्या वयस्क माणसाला विचारून एकच धरा. ही मापे भरून मोजायची आहेत, तोलायची नव्हेत. रास मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात. पैशात १६ आण्यांचा रुपया, ४ पैशांचा आणा.

आणि सालाबद्दल: ‘१९१० च्या सुमारास’ हे बरे आहे, पण कुणी पुढे सरकवून १९१८ करू नका. त्या वर्षी पाऊस गेला आणि वरून इन्फ्लुएन्झाची साथ. सुगीचे चित्र तिथे खोटे ठरेल.

गावकूस

पेवात मुलांना उतरवू नका. हे सूचना म्हणून नाही, स्पष्ट नकार म्हणून घ्या.

पेव मुरमात खणत, तोंड माणूस जेमतेम जाईल एवढे, आत सुरईसारखे फुगते. आत जाळ करून ओल मारायची, शेणमातीने लिंपायचे, तळाला आणि कडेला कडबा-भुसकट, मग ज्वारी. वर पुन्हा भुसकट, दगडाची फरशी आणि पाणी ओघळून जावे म्हणून मातीचा उंचवटा. बंद पेवात दाणा आणि त्यातले किडे श्वास घेऊन प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड साठतो. किडे मरतात म्हणूनच धान्य टिकते. आणि त्याच हवेत माणूस उतरला तर काही क्षणांत कोसळतो; त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. म्हणून तोंड उघडून किमान एक दिवस तसेच ठेवत, मग दिवा सोडून पाहत, कमरेला दोर बांधून उतरत. दिवा जळला म्हणजे हवा चांगली, ही खात्रीही पुरेशी नाही. रिकाम्या नव्या पेवातही कडा ढासळायचा धोका आहेच.

त्याऐवजी माळाच्या उतारावर, बाजूने उघडे, अर्धे कापलेले पेव करा. तीन-साडेतीन फूट उंचीचे पुरे. थर दिसतात: कडेची काळी पडलेली ज्वारी, मधली पांढरी. बियाणे पेवातले घेत नसत, उगवण जाते. त्यासाठी कणसे निवडून टांगायची किंवा दाणा राखेत घालून मडक्यात. ही मडकी शेजारीच ठेवा.

आणखी एक. खळ्यावर बलुते वाटण्याचा प्रसंग घेणार असाल तर सुतार-लोहार हसतमुखाने पाटी नेतात एवढाच घेऊ नका. कुणी राशीला हात लावायचा आणि कुणी खळ्याबाहेर उभे राहायचे, हे त्या काळच्या खळ्यात ठरलेले होते. महारांना वतनाच्या (गावकामासाठी मिळालेल्या जमीन-हक्काच्या) बदल्यात गावचे वाटेल ते काम करावे लागे. या वतनांच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडले. मुलांना ही भूमिका वाटून देऊन अभिनय करून घेऊ नका. मोठ्या माणसाने सांगावे, प्रश्न घ्यावेत.

आडवाट

खूप आभार. पेरणी रद्द, पेव अर्धे कापलेले. खळ्यासाठी पांढरीची माती आजच सांगितली. एक शंका: मळणीच्या दिवशी वाराच नसेल तर?

माळरान

उपणणीसाठी दोन दिवसांची दुपार मोकळी ठेवा, एकच दिवस धरू नका. अगदीच पडला तर दोघांनी जाड चादर चारी टोकांना धरून झटकत वारा घालायचा. थोडी रास त्यावर निघते, पण हात भरून येतात, म्हणून माणसे बदलती ठेवा. सूप घेऊन बसणाऱ्या दोन बायका तशाही लागतीलच. पंखा लावू नका.