इटालियन पद्धतीचे सॉसेज-आलू सूप: क्रीम फाटते, सॉसेज रबरासारखे लागते

धरमपेठ_थंडी

मंडळी, सॉसेज, आलू, लसूण, हिरवा पाला आणि वरून क्रीम असे जे पोटभरीचे इटालियन सूप असते, ते चार जणांसाठी घरी करायचे आहे. सध्याची पद्धत अशी: फ्रोझन चिकन सॉसेजच्या चकत्या कांद्यावर परतायच्या, आलू, दोन टमाटर आणि पाणी घालून कुकरच्या तीन शिट्ट्या काढायच्या, मग पालक आणि क्रीम घालून एक उकळी आणायची.

सॉसेज चिवट होते. आलूच्या कडा विरघळतात. क्रीमचे तर दर वेळी दाणे होतात, काहून फाटते तेच कळत नाही. आणि चव म्हणाल तर इटालियन अजिबात नाही. पोर्क घरात चालत नाही, चिकन-मटण दोन्ही चालते. यात घालतात त्या केल नावाच्या पालेभाजीची पाने नागपुरात कुठे मिळतील तेही सांगा.

खलबत्ता_इतवारी

आधी सॉसेजचे घेतो, कारण चवीची तक्रार तिथेच आहे.

पाकिटातले फ्रोझन सॉसेज म्हणजे मांसाची गुळगुळीत पेस्ट करून, नळीत भरून, बहुतेक वेळा कारखान्यातच शिजवलेला माल. त्याला पुन्हा तीन शिट्ट्या दिल्या तर चिवट होणारच, आणि रश्शाला देण्यासारखी चव त्याच्यात फारशी नसते. या सूपला कच्चे इटालियन सॉसेज लागते. त्यात जाडसर खिमा, भरपूर चरबी आणि बडीशेप. अमेरिकेच्या सरकारी नियमात तर ‘इटालियन सॉसेज’ या नावाने विकायच्या मालात मीठ, मिरी आणि बडीशेप किंवा अनीस (बडीशेपेसारखेच एक बी) असलेच पाहिजे, चरबी ३५ टक्क्यांवर जाता कामा नये, असे लिहून ठेवले आहे. सूपमध्ये हे सॉसेज नळीतून काढून मोकळेच परततात. म्हणजे आपल्याला नळीची गरजच नाही, मसाला लावलेला खिमा पुरतो.

चार जणांना ५०० ग्रॅम. चिकनवाल्याकडून लेगपीसचे बोनलेस ४०० ग्रॅम घ्या, ब्रेस्ट नको, ते कोरडे पडते. आपल्याकडे कोंबडी सोलूनच देतात, म्हणून १०० ग्रॅम चामडी वेगळी मागून घ्या. चरबी तिथूनच येते. दोन्हीचे इंचभर तुकडे करून ताटलीत पसरून ४० मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवा, कडा कडक झाल्या पाहिजेत. मग मिक्सरला थोडे थोडे घालून पल्सवर सात-आठ झटके द्या. तुकडे थंड नसतील तर चरबी वितळून सगळ्याची पेस्ट होते, आणि पेस्ट झाली की पुन्हा तोच रबरी प्रकार. खिमा ज्वारीच्या दाण्याएवढा दिसला की थांबा.

मसाला: बारीक मीठ सव्वा छोटा चमचा (साधारण साडेसात ग्रॅम, म्हणजे मांसाच्या दीड टक्का), बडीशेप दोन छोटे चमचे, मिरी एक छोटा चमचा, लसणाच्या सहा पाकळ्या ठेचून, साखर अर्धा छोटा चमचा, ओरेगॅनो अर्धा, आणि भिवापुरी सुकी मिरची बिया काढून भरड कुटलेली एक छोटा चमचा. वरून दोन मोठे चमचे बर्फाचे पाणी.

बडीशेप जेवणानंतर खायची बारीक लखनवी घेऊ नका, मसाल्याची जाड घ्या. इतवारीत मसाल्याच्या कोणत्याही दुकानात मिळते. मंद आचेवर वास सुटेपर्यंतच भाजायची, रंग बदलायच्या आत उतरवायची. खलबत्त्यात निम्मी अर्धवट फोडा, निम्मी भुगा करा. भुगा रश्शात चव सोडतो आणि फुटके दाणे दाताखाली येतात. ओरेगॅनोही साधा वाळवलेला घ्या. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्यांत मीठ आणि बरेच काही मिसळलेले असते, मग मिठाचा अंदाज चुकतो.

सगळे बोटांनी एकत्र होईल इतकेच कालवा, कणकेसारखे मळू नका. मीठ लावलेला खिमा जितका मळाल तितका चिकट होतो आणि शिजल्यावर एकसंध गोळा बनतो. इथे तर आपल्याला मोकळे तुकडे हवे आहेत. रात्रभर झाकून फ्रिजमध्ये ठेवा, निदान चार तास तरी. आणि गरम मसाला, धणे-जिरे, खोबरे काही नको, नाहीतर सावजी रस्सा तयार होईल. तो झकासच लागतो, पण त्यात क्रीम घालवत नाही!

गंजभर_रस्सा

वरचा खिमा तयार आहे असे धरून पुढचे सांगते. कुकर बाजूला ठेवा, जाड बुडाचा गंज घ्या.

एक मोठा चमचा तेल तापवून खिमा पसरा आणि दोन मिनिटे हात लावू नका. आधी पाणी सुटते आणि खिमा आपल्याच पाण्यात उकळत राहतो, तेव्हा गॅस मोठाच ठेवा. पाणी आटले की आवाज बदलतो, खदखद थांबून तडतड सुरू होते. खरी चव तिथून पुढच्या चार-पाच मिनिटांत तयार होते. बुडाला तपकिरी खरवड धरली पाहिजे. बहुतेक जण पाणी आटायच्या आतच कांदा टाकतात, म्हणून सूप फिके लागते. गंज लहान असेल तर खिमा दोन खेपांत परता.

खिमा ताटात काढा. गंजात दोन मोठे चमचे चरबी ठेवून बाकीची काढून टाका. त्यात एक मोठा कांदा बारीक चिरून सात मिनिटे, आठ पाकळ्या लसूण एक मिनिट, मग एक मोठा चमचा मैदा एक मिनिट परता. मैदा घट्टपणासाठी कमी, क्रीम सांभाळायला जास्त, त्याचे पुढे सांगते. आता सव्वा लिटर चिकन स्टॉक घालून लाकडी उलथन्याने बूड खरवडून घ्या. स्टॉकसाठी अर्धा किलो हाडे आणि माना, दीड लिटर पाणी, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर २० मिनिटे. स्टॉकची तयार क्यूब वापरलीत तर वेगळे मीठ शेवटपर्यंत घालू नका.

स्टॉक उकळला की ६०० ग्रॅम आलू, सोलून अर्ध्या चंद्रासारखे, ६ मिलिमीटर जाडीचे. बारीक चिरलेत तर विरघळतील, जाड चिरलेत तर कडा विरघळून मध्य कच्चा राहील. गॅस मंद, झाकण अर्धवट, १२ ते १५ मिनिटे. सूप नुसते बुडबुडत राहावे. जोराच्या उकळीत फोडी एकमेकींवर आपटून झिजतात आणि कुकरमध्ये तर काहीच हातात राहत नाही. सुरी सहज गेली की पाच-सहा फोडी गंजाच्या कडेला दाबून मोडा आणि खिमा परत घाला. पाच मिनिटांनी पाला, पाला शिजला की गॅस बंद.

क्रीम गॅस बंद केल्यावरच. २०० मिलीचे पाकीट फ्रिजमधून अर्धा तास आधी काढून ठेवा, वाडग्यात ओता, त्यात दोन डाव गरम सूप हळूहळू मिसळा आणि मग ते गंजात ओता. यानंतर उकळी नाही. तुमचे क्रीम फाटायचे मुख्य कारण टमाटर. आंबटपणा आणि उकळी एकत्र आली की दुधातली प्रथिने गोळा होतात. साध्या फ्रेश क्रीममध्ये फॅट २५ टक्क्यांच्या आसपास असते, ३५ टक्क्यांचे क्रीम जास्त तग धरते. मैद्याचा स्टार्चही त्या प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून तो एक चमचा. घरची साय वापरायची तर आधी दुधात घुसळून एकजीव करा, नाहीतर वर लोण्याचे ठिपके तरंगतात.

टमाटर काढूनच टाका, या सूपला त्याची गरज नाही. आलूही टमाटरबरोबर टाकले की लवकर शिजत नाहीत, आंबटाने बाहेरचा थर कडक राहतो. मग आपण वेळ वाढवतो आणि आधी शिजलेल्या फोडींचा लगदा होतो.

फाटलेच तर फेकू नका. खिमा-आलू झाऱ्याने बाजूला काढा, रश्शात दोन-तीन फोडी ठेवून हँड ब्लेंडर फिरवा. दाणे बरेचसे मोडतात.

मंगळवारी_बाजार

मटणाबद्दल कोणी लिहिले नाही. माझे मत, या सूपला मटण नको. बकऱ्याची चरबी लवकर थिजते, सूप जरा कोमट झाले की टाळूला मेणासारखा थर बसतो. शिवाय खिमा १५ मिनिटांत मऊ होत नाही. करायचेच असेल तर परतलेला खिमा थोड्या स्टॉकमध्ये कुकरला तीन शिट्ट्या देऊन वेगळा शिजवून घ्या, वर आलेली चरबी सगळी काढा, त्याऐवजी लोणी घाला आणि सूप कढतच वाढा.

आलूचे एक राहिले. आता नवा आलू येतो त्यात स्टार्च कमी आणि पाणी जास्त असते. फोडी अख्ख्या राहतात, रस्सा मात्र पातळ होतो. मग दहा-बारा फोडी मोडा किंवा निम्मा जुना आलू घ्या. कोल्ड स्टोरेजमधला जुना आलू गोड लागतो, कारण थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते. तो आठ-दहा दिवस घरात उघड्यावर, अंधारात ठेवला की गोडी बरीच उतरते.

खलबत्ता_इतवारी

@मंगळवारी_बाजार, चरबीचे मान्य, पण मटण बादच करायला नको. २५० ग्रॅम मटण शिजवून आणि २५० ग्रॅम चिकनचा खिमा असे मिश्रण करून पाहा. मटणाचा दाट वास येतो आणि मेणाचा त्रास होत नाही. मीठ-मसाला तेवढाच.

पालेभाजी_गोकुळपेठ

केलसाठी धावपळ करू नका. केल कोबीच्या घराण्यातली. गोकुळपेठ बाजारात या दिवसांत नवलकोल पानांसकट येतो, त्याची कोवळी पाने हुबेहूब काम करतात. मधली जाड शीर काढा, पाने बोटभर रुंद चिरा, सहा-सात मिनिटे लागतात. फुलकोबीच्या गड्ड्याला चिकटलेली आतली फिकट पानेही चालतात, ती तर भाजीवाला फुकटात देतो. मुळ्याचा पाला जरा उग्र, त्याला आधी उकळत्या पाण्यातून काढा. पालकच घ्यायचा तर गॅस बंद करायच्या एक मिनिट आधी, नाहीतर सूप शेवाळी होते.

अंबाडी आणि आंबट चुका मात्र चुकूनही नाही. दोन्ही आंबट, टमाटरने झाले तेच होईल. वरून सांबारही (कोथिंबीर) नको, बडीशेपेचा वास मारला जातो.

जाता जाता: हे क्रीमवाले सूप अमेरिकेतल्या ऑलिव्ह गार्डन या रेस्टॉरंटसाखळीने ‘झुप्पा टोस्काना’ म्हणून घराघरात नेले. खुद्द इटलीतल्या टस्कनी भागातल्या तशा सूपमध्ये पांढरा राजमा, काळसर केल आणि शिळा पाव असतो, क्रीम नसते. शाकाहारी पाहुण्यांसाठी तोच रस्ता धरा, म्हणजे पांढरा राजमा, आलू, पाला, आणि बडीशेप-लसूण तेलात परतून. सोया खिम्याच्या नादी लागू नका.

धरमपेठ_थंडी

खूप उपयोगी. दोन प्रश्न. रविवारी १५ जण आहेत, सगळे चौपट करू का? आणि आदल्या दिवशी करून ठेवता येईल का?

गंजभर_रस्सा

खिमा, आलू, पाला चौपट करा. स्टॉक चार लिटरच घ्या, कारण मोठ्या गंजातून वाफ त्या मानाने कमी जाते. लागलाच तर वाढवता येतो. दोन किलो खिमा एका वेळी कधीच परतू नका, सगळा उकडून निघेल. ५०० ग्रॅमच्या चार खेपा, दोन शेगड्यांवर दोन कढया, आणि प्रत्येक खेपेनंतर कढई थोड्या स्टॉकने खरवडून ते पाणी गंजात. दुसऱ्या खेपेनंतर खरवड काळी पडायला लागली तर कढई धुऊनच घ्या, तो कडवटपणा सगळ्या सूपला लागतो.

आदल्या दिवशी खिमा, कांदा, स्टॉक इथपर्यंत करा. पसरट भांड्यांत ओतून लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीची साय धरलेली असेल, हवी तेवढी काढून टाका. आलू रविवारीच घाला. रात्रभर राहिले तर रस्सा शोषून फुगतात आणि सूपचे पिठले होते. शिजलेला आलू आणि क्रीम फ्रीझरमध्येही टाकू नका, आलू स्पंजासारखा होतो आणि क्रीम दाणेदार.

क्रीम सगळ्या गंजात एकदम घालू नका. पंगत दोन-तीन वेळा बसणार, तोवर गंज मंद आचेवर राहील आणि तळाला कधीतरी उकळी फुटेलच. लहान पातेल्यात पाच-सहा जणांपुरते सूप काढायचे, गॅसवरून उतरवायचे, लिटरभर सुपाला साधारण १५० मिली क्रीम मिसळून वाढायचे, मग पुढचे.